होलगेरीची कानडी

मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात. नकाशात महाराष्ट्र, चुलीपाशी कानडी. होलगेरीतलं, म्हणजे आपल्या महारवाड्यातलं पोर आईला अव्वा म्हणतं आणि पाण्याला नीर. १९६७ साली महाजन आयोगानं अख्खा अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्याला द्या म्हटलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. तेव्हापासून दोन राज्यं भांडतायत. भाषेचा अभिमान दोन्हीकडं उतू जातोय. होलगेरीला कुणी विचारलं?

मित्रांनो, आपल्या शाळेचा इतिहास भाषेपासून सुरू होत नाही, उंबऱ्यापासून होतो. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. नाकारला. पोरगं मुंबई सरकारकडं गेलं. सरकार म्हणालं, एका महारासाठी बाकी सगळ्यांना शाळा निरुपयोगी करणं बरं नव्हे. धारवाड कानडी मुलखात. पण अडवलं ते जातीनं, भाषेनं नव्हे. १८५८ साली लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं, सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. ७० वर्षं उलटून गेल्यावर, १९२८ साली, सायमन कमिशनपुढच्या निवेदनात बाबासाहेबांना हेच प्रकरण पुन्हा काढावं लागलं. त्याआधी १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात आपल्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं होतं. खेड्यातलं पोर तिथवर पोचलं तर पुढचं शिकणार, नाहीतर ढोरामागं.

आता जगात दुसरीकडं काय झालं बघा. नॉर्वेच्या उत्तरेला सामी लोक राहतात, रेनडिअर पाळणारे, मासेमारी करणारे. त्यांच्या पोरांना शाळेबाहेर ठेवलं नाही, उलट आत ओढून नेलं. १८८०च्या हुकमानं नॉर्वेजियन शिकणं भाग पडलं, १८९८ साली तो फास आणखी आवळला. पोरं आईबापापासून तोडून वसतिगृहात ठेवली. १९०२चा जमिनीचा नियम तर उघडच होता: ज्याला नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येत नाही त्याला सरकारी जमीन विकत मिळणार नाही. शाळेत सामी भाषेतून शिकवायला कायद्यानं वाट मिळाली ती १९५९ साली. संसदेनं माफी मागितली १२ नोव्हेंबर २०२४ला. आपल्या पोराला बाहेर बसवलं, त्यांच्या पोराची जीभ कापली. आपल्याला बाहेर ठेवल्यानं जीभ तेवढी शाबूत राहिली, असंही कुणी म्हणेल. असली शाबुती काय चाटायची?

आपल्याकडं १९५६ साली घटनेत कलम ३५०क घातलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. चांगलं कलम आहे. त्याच्या जोरावर अक्कलकोट भागातल्या कानडी शाळांसाठी भांडता येतं. पण त्याच्या वर्षभर आधी, १९५५ साली, भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी बजावलं होतं की भाषेचं राज्य म्हणजे त्या भागातल्या बहुसंख्य जातीचं राज्य होईल, लहान जाती तिच्या टाचेखाली जातील. ते आपण जयंतीला वाचत नाही.

आणि मातृभाषा म्हणजे कुणाची? नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूरला बसवलिंगप्पा या दलित मंत्र्यानं म्हटलं, कानडी साहित्यात बराचसा भुसा आहे. झालं! भाषेचे अभिमानी रस्त्यावर आले, दलित विद्यार्थ्यांना मार बसला, मंत्रिपद गेलं. त्याच आगीतून तिकडच्या दलित संघर्ष समितीची चळवळ उभी राहिली. पुस्तकातली कानडी मठातली, वाड्यातली. होलगेरीची कानडी तिच्यात अशुद्ध ठरते, जशी महारवाड्याची मराठी पुण्यात ठरली.

महाराष्ट्रानं २०२० साली सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. शिकावी, नोकरीला लागते. पण आपलंही बघा: पत्रकं मराठीत, भाषणं मराठीत, वंदना पालीत, आणि अव्वा मागं बसून नुसतीच हात जोडते. १९७५ साली सिद्धलिंगय्यांच्या कवितांचं ‘होलेमादिगर हाडु’ आलं. होलेय आणि मादिग, आपले महार-मांगच ते. मैंदर्गीतल्या मराठी शाळेत घातलेल्या आपल्या पोराला त्या कविता कुणी म्हणून दाखवल्या तर कळतात, वाचता येत नाहीत.