भांड्यात बिशपचा पाय

चुलीवर दूध ठेवून गप्पांत रमलं, की ते बुडाला लागतं आणि घरभर करपट वास सुटतो. मग ‘लक्ष कुठं होतं?’ हे ऐकून घ्यावं लागतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात अशा वेळी म्हणत, ‘भांड्यात बिशपनं पाय घातला!’ बी.ए.ला असताना इंग्रजी शब्दकोश चाळायचा मला नाद होता. त्यात हा जुना अर्थ सापडला आणि मी चक्रावलो. एवढा मोठा धर्माधिकारी. त्याचा करपलेल्या दुधाशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मूळ शब्द ग्रीक, ‘एपिस्कोपोस’. म्हणजे वरून पाहणारा, देखरेख ठेवणारा. आपल्या ‘अध्यक्ष’ शब्दाची घडणही अशीच. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. ग्रीक शब्द अरबीत ‘उस्कुफ’ झाला आणि इंग्रजीत झिजत झिजत ‘बिशप’. खरं तर हा कळपाचा राखणदार. पण १४०१ साली इंग्लंडात पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. पाखंडी कोण, हे बिशपचं न्यायासन ठरवी आणि जाळण्याचं काम राजाचे अधिकारी करीत. उघड बोलायची सोय नव्हती. मग स्वयंपाकघरात काही करपलं, की लोक बिशपचं नाव घेत.

विल्यम टिंडल या धर्मपंडितानं १५२८ साली आपल्या पुस्तकात ही म्हण नोंदवली आणि कारणही सांगून टाकलं : बिशप मनाला येईल त्याला जाळतात, म्हणून.

आता दुसरा शब्द, ‘शॉप’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ टपरी, आडोशाची खोपी. आपल्या ‘दुकान’चं कूळही तसंच साधं. फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द अरबीत बसायच्या ओट्यालाही वापरत. बायबलमधली गरीब विधवा आपली दोन नाणी मंदिराच्या खजिन्यात टाकते, त्या खजिन्यासाठी जुन्या इंग्रजी भाषांतरात ‘शॉप’चंच जुनं रूप आहे. सोळाव्या शतकात मात्र याच शब्दाचं क्रियापद झालं आणि अर्थ निघाला कोंडून घालणं, तुरुंगात टाकणं. पुढे त्याचाच अर्थ झाला, खबर देऊन एखाद्याला पकडून देणं. ब्रिटिश बोलीत तो आजही आहे. दुकानांत खरेदीला हिंडणं हा अर्थ अठराव्या शतकातला, म्हणजे तसा अलीकडचा.

या दोन्ही शब्दांचे जुने अर्थ एकाच माणसाच्या वाट्याला आले. तो माणूस म्हणजे टिंडलच.

नांगर धरणाऱ्या पोरालाही समजेल अशा इंग्रजीत त्याला बायबल आणायचं होतं. १५२३ साली तो लंडनचे बिशप टन्स्टल यांच्याकडे आश्रय मागायला गेला. तो मिळाला नाही. मग त्यानं देश सोडला. १५२६ साली जर्मनीतल्या वर्म्स शहरात त्याचा ‘नवा करार’ छापून झाला. व्यापाऱ्यांनी कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून प्रती इंग्लंडात पोचवल्या. टन्स्टल यांनी त्या जाळल्या. त्या काळचा बखरकार एडवर्ड हॉल तर सांगतो, की टन्स्टल यांनी एका व्यापाऱ्यामार्फत अँटवर्पमध्ये प्रती विकतच घेतल्या, जाळायला! पैसे पोचले टिंडलकडे. त्यानं कर्ज फेडलं आणि अधिक शुद्ध आवृत्तीची तयारी केली. बिशपनंच दुकान चालवलं म्हणायचं!

अखेर १५३५ साली अँटवर्पमध्ये हेन्री फिलिप्स नावाच्या इंग्रजानं मैत्रीचं सोंग करून त्याला पकडून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो ब्रुसेल्सजवळच्या विलवोर्डच्या किल्ल्यात कैदेत होता. १५३६ साली त्याला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. ज्यानं ती म्हण लिहून ठेवली, त्याच्याच भांड्यात तो पाय पडला.

पण भाषा जळली नाही. १५३९ साली राजाच्याच हुकमानं चर्चमध्ये ठेवण्यासाठी जे इंग्रजी बायबल निघालं, त्यात मोठा भाग टिंडलचा होता. आणि एक गंमत पाहा. प्रेषितांच्या कृत्यांत जिथं ‘एपिस्कोपोस’ येतं, तिथं टिंडलनं ‘बिशप’ लिहिलंच नाही. साध्या इंग्रजीत ‘देखरेख करणारा’ असं लिहिलं. पदवीला त्यानं तिच्या कामाची आठवण करून दिली.

माझी आजी नमाजातल्या आयती अरबीत म्हणायची, दुआ मात्र मराठीत मागायची. म्हणून टिंडलचा हट्ट मला परका वाटत नाही. देवाशी आपल्या भाषेत बोलावं, एवढंच तर त्याचं म्हणणं होतं.

शब्दकोशात या अर्थांपुढे आता ‘कालबाह्य’ अशी खूण असते. पदवी कितीही मोठी असो, चुलीपुढच्या माणसांनी तिला दिलेला अर्थ असा कुठंतरी जपलेला राहतो. राखणदारानं राखण सोडली, की भाषा त्याची नोंद ठेवते. दूध करपल्याचा वास काही झाकून राहत नाही.