टापांनी राखलेली शांतता

माथेरानचा इतिहास सांगताना दोन नावे हमखास येतात. पहिले ह्यू मॅलेट यांचे. ठाण्याचे कलेक्टर असलेले मॅलेट मे १८५० मध्ये डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी मुक्कामाला होते. एका संध्याकाळी ते डोंगर चढून गेले आणि वरच्या रानाने त्यांना भुरळ घातली. त्याच वर्षी ते पुन्हा आले आणि पुढे तिथे पहिला बंगलाही उभा राहिला. पुस्तके याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. ठाकूर, कातकरी, धनगर या रानात आधीपासून वावरत होते. पण शोध साहेबाच्याच नावे लागला.

दुसरे नाव सर आदमजी पीरभॉय यांचे. मुंबईचे हे दाऊदी बोहरा उद्योगपती. त्यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. दोन फुटी रुळांची ही सुमारे वीस किलोमीटरची वाट. खर्च आला सोळा लाख रुपये. एका मुसलमान घराण्याने महाराष्ट्राला दिलेली ही देणगी आहे. तिचा अभिमान आम्हाला आहेच.

पण आज आम्हाला आठवण काढायची आहे ती तिसऱ्या माणसाची. त्याच्या नावाचा इथे ना पॉइंट आहे, ना बंगला. तो म्हणजे घोडेवाला.

रेल्वे येण्यापूर्वीची पन्नासहून अधिक वर्षे नेरळहून वर येणारा माणूस पायी चढे, पालखीत बसे किंवा तट्टावर स्वार होई. रेल्वे आली तरी घोड्याचे काम संपले नाही. गाडी बाजारापर्यंत पोहोचते. पुढे पॅनोरमा, लुईझा, वन ट्री हिल, शार्लट तलाव अशा साऱ्या वाटा लाल मातीच्या, झाडीतल्या. मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद सोडले तर वर वाहनांना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले आणि ही जुनी शिस्त आणखी पक्की झाली. मुंबईहून आलेला पाहुणा या रानात शिरतो, तेव्हा त्याच्या कानी पडते ती पाखरांची किलबिल आणि टापांचा आवाज. ज्या शांततेसाठी तो पैसे मोजतो, ती घोड्यानेही राखली आहे.

या धंद्याची भाषाच पाहा. लगाम, जीन आणि खोगीर हे शब्द फारसीतून आले. रिकीब आणि नाल मूळ अरबी. मराठी माणसाने ते इतके आपले केले की ‘खोगीरभरती’ म्हणताना कुणाला परकेपणा वाटत नाही. माथेरानच्या घोडेवाल्यांतही हिंदू आहेत, मुसलमान आहेत. पाठीवर पाहुणा घेणाऱ्या घोड्याला लगाम धरणाऱ्याची जात ठाऊक नसते. पावसाळ्यात गिऱ्हाईक आटते. चारा आणि नाल यांचा खर्च मात्र दोघांनाही चुकत नाही.

आता काळ बदलतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये इथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे थांबावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. शाळकरी मुले, म्हातारी माणसे, आजारी यांनाही वाहनाची सोय हवीच. रस्त्यावर क्ले पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वादही न्यायालयात गेला होता. घोडेवाल्यांचा त्यांना विरोध होता.

घोडेवाल्याची बाजू निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. टापांनी लाल माती सुटते, लीद पडते, आणि थकल्या जनावरावर जादा ओझे लादणारेही असतात. ते थांबलेच पाहिजे. मुक्या जनावराचा हक्क मारून मिळवलेली रोजी बरकतीची नव्हे. पण या दोषांपायी घोडाच हटवला, तर जाणारी पोकळी चाके भरून काढतील. मग रान राहील, निवांतपणा जाईल.

आमच्या मते मार्ग मधला आहे. दस्तुरी ते बाजार या मुख्य रस्त्यावर ई-रिक्षा असाव्यात. झाडीतल्या मातीच्या वाटा मात्र घोड्यांना आणि पायी चालणाऱ्यांना राखून ठेवाव्यात. घोड्यांची संख्या, ओझे आणि आरोग्य यांवर कडक देखरेख हवी. आणि हातरिक्षा सोडणाऱ्याला पर्यायी रोजगार देताना घोडेवाल्यालाही विचारात घ्यावे.

मॅलेट यांनी बंगला बांधला, पीरभॉय यांनी रूळ टाकले. त्या दोघांच्या मधली आणि नंतरची वाट ज्याने रोज तुडवली, त्याच्या वाट्याला इतिहासाची निदान एक ओळ यावी. आणि ती त्याच्या हयातीत यावी.