नक्कल, ठसा, छायाचित्र : नाणेघाटाच्या लेखापुढे एक नवशिका

जुन्नरहून घाटघर ओलांडून नाणेघाटाच्या तोंडाशी पोचले आणि खिंडीतून थोडे खाली उतरले, की डोंगरात कोरलेली ती गुहा लागते. तिच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी आहेत. समोरच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज तेथे पावलांच्या खुणा उरल्या आहेत, आणि वर कोरलेली काही नावे : सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकणी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि. मूर्ती गेल्या, नावे राहिली. साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. आपला सारा व्यवहारच अशा उरलेल्या नावांशी असतो.

बाजूच्या भिंतींवरील मोठ्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम अशी नावे येतात. १,७०० गायी व १० हत्ती, २४,४०० कार्षापण असे आकडे येतात. मध्येच दगड फुटलेला आहे आणि ओळी तुटतात. हा लेख ज्या राणीचा, ती घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, उपवास करणारी अशी वर्णिलेली आहे. परंतु तिची ओळख जेथे नीट मिळायची तेथेच लेख फाटका आहे. म्हणून ती पटवताना समोरच्या भिंतीवरील नावांचा आधार घ्यावा लागतो. ती विधवा होती का, कुमारांच्या वतीने राज्य चालवीत होती का, कुमारांची नावे नेमकी कशी वाचायची, या प्रश्नांवर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. ही सारी चर्चा काही झिजलेल्या रेघांवर उभी आहे. त्या रेघा कोणी, कशाने आणि कोणत्या उजेडात टिपल्या, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. मलाही तो सुचला नव्हता. २००७ साली पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा घेऊन मी त्या गुहेत उभा राहिलो आणि एकही अक्षर धड न येता परतलो, तेव्हा तो सुचला.

कर्नल विल्यम साइक्स १८२८ मध्ये येथे आले. मुंबई इलाख्याची सांख्यिकी गोळा करणारा हा अधिकारी लिपी वाचू शकत नव्हता; ब्राह्मीचा उलगडा तोवर व्हायचा होता. त्यांनी पाहिले तसे उतरवून घेतले आणि १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पश्चिम भारतातील इतर लेखांबरोबर प्रसिद्ध केले. हे सारे लेख बौद्ध असावेत असा त्यांचा समज होता. नाणेघाटापुरता तो चुकीचा ठरला. डोळ्यांनी पाहून हाताने काढलेल्या अशा नकलेत एक विलक्षण गोष्ट असते. नक्कल करणाऱ्याला भाषा येत नसेल तर तो चुकतो, पण शहाणपणा करत नाही. भाषा येणारा नकलकार पुसट अक्षराच्या जागी त्याला अपेक्षित असलेले अक्षर ‘पाहतो’. पोथ्यांच्या लेखनिकांविषयी आपण वर्गात हेच शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती अशाच शहाण्या-अशहाण्या हातांच्या परंपरेतून वाट काढत.

त्यानंतरचे मोठे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. १८३९ मध्ये जुनागढला जन्मलेले भगवानलाल डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे मुंबईस आले आणि भाऊ दाजींच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७४ पर्यंत, त्यांच्यासाठी लेख गोळा करत भारतभर हिंडले. नाणेघाटाच्या लेखातील अंकचिन्हांवरचा त्यांचा निबंध १८७६च्या सुमाराचा. दक्षिणेच्या त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या यादीतूनच भारतीय अंकांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान मिळाले. पुढे १८८१ मध्ये बर्जेस आणि भगवानलाल यांचे पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे पुस्तक आले, आणि १८८३ मध्ये गेऑर्ग बूलर यांनी नाणेघाटाचा संपूर्ण पाठ अनुवादासह प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला वा. वि. मिराशी यांच्या सातवाहनांवरील ग्रंथातून हा सारा पट परिचित असतो.

भगवानलालांच्या पिढीने डोळ्यांच्या नकलेबरोबर ठशाचा उपयोग केला. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, दगड काळा होतो. पद्धत प्रामाणिक आहे, पण तिचाही एक स्वभाव आहे. तिला छिन्नीची खाच आणि पावसाने पाडलेली खाच यांतला फरक कळत नाही. दगडाला लागलेला प्रत्येक घाव तिच्या दृष्टीने अक्षराच्या लायकीचा असतो. शिवाय झिजलेल्या दगडावर पुन्हा पुन्हा ठोकत राहणे कितपत हिताचे, हा प्रश्न उरतोच.

कॅमेरा आपल्याकडे आला त्याच काळात. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. नारायण दाजी तर स्वतः चांगले छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तो फार काळ चालला नाही, पण हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा धंदेवाईक छायाचित्रकार त्यातून निघाला. त्याच वर्षी सरकारने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. अजिंठ्याची चित्रे वर्षानुवर्षे रंगांत उतरवणारे मेजर गिलही पुढे कॅमेऱ्याकडे वळले, आणि त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली.

त्या काळी नवशिक्याला काय शिकावे लागत असेल? काचेवर कोलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत धुवायची. सह्याद्रीच्या उन्हाळ्यात काच किती वेळ ओली राहणार! एक काच बिघडली की पुन्हा पहिल्यापासून. साहजिकच जो तो खटका दाबण्याआधी खूप विचार करत असे.

डिजिटल एसएलआरने नेमकी ही धास्ती काढून घेतली. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेत होता. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ-३ला डिजिटल पाठ जोडून विकायला काढली. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला. आणि २००३ मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत मिळू लागला, तेव्हा मास्तरांसारख्या पगारदारांच्या मनात चलबिचल सुरू झाली. मी घेतला तो निकॉनचा डी-४०, तोही महिनाभर माहितीपत्रके वाचून. दुकानदाराला मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : मेगापिक्सेल किती? उत्तर होते सहा. शेजारच्या कपाटातल्या कॅमेऱ्यात दहा होते आणि मला फार हळहळ वाटली.

ती हळहळ व्यर्थ होती, हे साध्या हिशेबाने कळले. सहा मेगापिक्सेल म्हणजे आडवे सुमारे ३,००० आणि उभे २,००० ठिपके. तीन मीटर रुंदीची भिंत एका चित्रात बसवली, तर एका मिलिमीटरला एक ठिपका येतो. छिन्नीच्या बारीक रेघेचा त्यात चिखल होणारच. तीच भिंत मीटर-मीटरच्या तुकड्यांत, थोडी एकमेकांवर चढवत टिपली, तर मिलिमीटरला तीन ठिपके मिळतात. दहा मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊनही एकाच चित्रात सगळे कोंबले असते, तर काही साधले नसते. मेगापिक्सेलच्या फरकातून वाचलेले पैसे मी तिपाईत घालायला हवे होते. ते शहाणपण दुसऱ्या फेरीनंतर आले. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स रुंद टोकाला सरळ रेघा फुगवते, आणि शिलालेखाच्या ओळी फुगलेल्या दिसणे बरे नव्हे. म्हणून पन्नास मिलिमीटरची स्वस्त लेन्स घेतली. डी-४०च्या अंगात फोकसची मोटर नाही, त्यामुळे त्या जुन्या धाटणीच्या लेन्सवर हातानेच फोकस करावे लागते, हे घरी आल्यावर समजले. भिंत पळून जात नसल्याने त्याचे दुःख झाले नाही.

शिकणे झाले ते मात्र आंबेगाव तालुक्यात. देवळांच्या आवारात अर्धे मातीत रुतलेले वीरगळ असतात. नवशिक्याला यापेक्षा सोशिक विद्यार्थी मिळणार नाही. पहिला धडा असा, की कॅमेऱ्यातील प्रकाशमापक जगाला सरासरी करडे मानतो. काळ्या बेसाल्टपुढे धरला, की त्याला वाटते उजेड कमी आहे. मग तो दगडाला राखाडी करून टाकतो आणि खाचेतली सावलीही उजळून निघते. एक्स्पोजर एका पायरीने खाली आणले तेव्हा दगड पुन्हा काळा झाला आणि वीराची तलवार दिसू लागली. दुसरा धडा सूर्याने दिला. भर दुपारी सपाट वाटणारा दगड संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपे झाले की बोलू लागतो. गावच्या गुराख्यांना हे ठाऊकच होते. “सांजच्याला या, मग समदं दिसतंय,” असे एका आजोबांनी मला सांगितले होते. मी ते शिष्टाचाराचे बोलणे समजलो.

या तालुक्यात छायाचित्रणाविषयी लिहिताना ज्या गावाचे नाव त्याला मिळाले त्याचा उल्लेख टाळता येत नाही. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव तेवढे कागदावर वाहते राहिले. त्या गावातली दारे, पार, पायऱ्या कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये माणसांच्या मागे चुकून आलेल्या असतील. असो.

पुन्हा नाणेघाटाकडे वळू. गुहेला समोर मोठे तोंड आहे. बाहेरचा उजेड आत येताना बाजूच्या भिंतींना घासत जातो, त्यामुळे मोठ्या लेखाची अक्षरे त्यातल्या त्यात उठून दिसतात. पाठीमागच्या भिंतीवर मात्र उजेड थेट समोरून पडतो. जिच्या आधाराने राणीची ओळख पटवायची, ती नावांची भिंतच सर्वांत सपाट प्रकाशात आहे! माझ्या पहिल्या फेरीत कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशने या सपाटपणात भर घातली आणि नायनिकेचे नाव पांढऱ्या डागात बुडाले. दुसऱ्या फेरीत तिपाई, आयएसओ २०० (या कॅमेऱ्याचा हा सर्वांत खालचा आकडा), ॲपर्चर आठ, शटर आठ सेकंद. एका विद्यार्थ्याने साधी बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली. पडद्यावर ‘न’ची उभी रेघ आधी दिसली, मग तिची आडवी बैठक. बॅटरी डावीकडून उजवीकडे नेल्यावर काही खुणा नाहीशा झाल्या आणि दुसऱ्याच उगवल्या. एकाच दगडाची दोन छायाचित्रे आणि दोघांत पाठभेद : पोथीच्या अभ्यासकाला लगेच ओळखीची वाटावी अशी स्थिती.

या पाठभेदांवर आता पद्धतशीर उपाय आहे. एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या तंत्रात कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा मात्र दर वेळी वेगळ्या कोनातून धरायचा, आणि अशी कित्येक चित्रे संगणकात एकत्र करायची. शेजारी ठेवलेल्या चकचकीत गोळीवरील प्रतिबिंबावरून दिव्याची जागा कळते. मग घरी बसून पडद्यावर हवा तिकडून उजेड पाडता येतो. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. रॉ फाइल देणारा आणि सर्व आकडे हाताने ठरवू देणारा कोणताही जुना डिजिटल एसएलआर पुरतो. कॅनन व निकॉन यांनी २०२०नंतर नवा डिजिटल एसएलआर बाजारात आणलेला नाही, त्यामुळे विद्यार्थ्याला पहिला कॅमेरा वापरलेल्या वस्तूंच्या बाजारातच घेणे आज शहाणपणाचे.

एक शंका तरीही सतावते. संगणकावर आणल्यावर मी कॉन्ट्रास्ट वाढवला आणि एका कुमाराच्या नावातील शंकास्पद अक्षर स्वच्छ दिसू लागले. बूलर यांचे वाचन मला आधीच पाठ होते. मी रेघ शोधत होतो, की मला हवी ती रेघ गडद करत होतो? लेखाच्या खाचांत खडू भरून फोटो काढण्याची जुनी सवय आपण दोषास्पद मानतो, कारण खडू भरणारा आपले वाचनच दगडावर लिहितो. माऊसने केलेले काम त्याहून वेगळे आहे, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. साइक्स यांना लिपी येत नव्हती, या गोष्टीचा मला त्या रात्री चक्क हेवा वाटला.

तेव्हापासून मूळ रॉ फाइल न बदलता वेगळी ठेवतो. प्रत्येक चित्राच्या नावात दिवा कोणत्या बाजूला होता हे लिहितो, आणि विद्यार्थ्यांना भिंतीचे छायाचित्र देताना बूलर यांचा पाठ देत नाही. मागच्या खेपेस ब्राह्मी जेमतेम शिकलेल्या एका मुलीने त्या कुमाराच्या नावापुढे वहीत रिकामी चौकट काढली आणि खाली लिहिले : डावीकडून दिसते, उजवीकडून दिसत नाही. पावसाळा सरला की तिसऱ्या बाजूने, खालून, दिवा धरून पाहायचे आहे.