मुक्तस्रोत फायरवॉल प्रणाली आणि कूटलेखनाचे हार्डवेअर साह्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरात नाक्यावरील पहारा ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. संगणक-जालाच्या नाक्यावर हेच काम फायरवॉल करते. मात्र नाक्याबाहेर जाणारा मजकूर कूटरूपात पाठवावयाचा, तर प्रत्येक पॅकेटमागे बरेच गणित करावे लागते. हा भार कोणी वाहावा, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात तपासला आहे.

कार्डांचा काळ :
प्रबळ कूटलेखनाच्या निर्यातीवरील अमेरिकी निर्बंध जानेवारी 2000 मध्ये बरेचसे शिथिल झाले. थिओ डी राट यांनी 1995 साली सुरू केलेला ओपनबीएसडी प्रकल्प कॅनडात असल्याने त्याला तोवरही हे निर्बंध अडवू शकले नव्हते. जून 2000 मधील त्याच्या 2.7 या आवृत्तीत कूटलेखन कार्डांचा वापर शक्य झाला. ही रचना पुढे फ्रीबीएसडीने स्वीकारली. त्याच प्रणालीवर मोनोवॉल (2003), पीएफसेन्स (2004) व ओपीएनसेन्स (2015) उभ्या राहिल्या. परंतु मजकूर कार्डापर्यंत नेऊन परत आणण्यातच वेळ खर्च होई. पॅकेट लहान असल्यास लाभ जवळजवळ उरत नसे. शिवाय चिपची माहिती उत्पादकाच्या हाती असे. 2006 साली हायफन कंपनीच्या कागदपत्रांवरून ओपनबीएसडीने जाहीर आक्षेप घेतला होता.

प्रोसेसरचा काळ :
एईएस ही पद्धती 2001 साली अमेरिकी मानक ठरली. इंटेलने 2010 मध्ये तिच्यासाठीच्या खास आज्ञा प्रोसेसरमध्येच आणल्या आणि नेण्या-आणण्याचा खर्च वाचला. यातून नवाच प्रश्न उद्भवला. पीएफसेन्सच्या 2.5 या आवृत्तीसाठी या आज्ञा अनिवार्य राहतील, असे 2017 मध्ये जाहीर झाले. जुन्या संगणकावर विनामूल्य फायरवॉल चालविणाऱ्या लहान संस्थांना ही अट म्हणजे नव्या यंत्राची सक्तीच होती. 2019 मध्ये ती मागे घेण्यात आली व 2021 मध्ये ही आवृत्ती अटीविना प्रसिद्ध झाली. दरम्यान डॅनियल बर्नस्टीन यांच्या चाचा20 (2008) या पद्धतीने खास हार्डवेअरविनाही वेग साधता येतो, हे दाखविले होते.

निष्कर्ष :
सॉफ्टवेअर मुक्त असणे म्हणजे वापरकर्ता स्वतंत्र असणे नव्हे. ते चालविणारे यंत्र परवडणारे आणि त्याची माहिती खुली असेल, तरच नाक्याची किल्ली खऱ्या अर्थाने संस्थेच्या हाती राहते.