धूळपाटी ते क्यूआर कोड : वर्गात आलेल्या साधनांचा इतिहास

१/१४
३ जून २०२०. भर दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यापासून आत रोहे-अष्टमीपर्यंत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आणि विजेचे खांब आडवे झाले. जूनच्या मध्यात राज्याचे नवे शैक्षणिक वर्ष सुरू व्हायचे होते. आणि करोनामुळे त्या वर्षी ते मोबाइलच्या पडद्यावर सुरू होणार होते.

२/१४
कुंडलिकेच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला अष्टमी. वादळानंतर या पट्ट्यातील अनेक गावांत वीज परतायला कित्येक दिवस लागले, काही ठिकाणी तर आठवडे. मोबाइलचे मनोरेही मुके झाले. नवे साधन आले म्हणजे शिक्षण आपोआप नवे होते का, हा प्रश्न त्या जूनमध्ये कोकणाला प्रत्यक्ष भोगावा लागला. प्रश्न मात्र जुना आहे. त्यासाठी दोनशे वर्षे मागे जाऊ या.

३/१४
इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मुलांपुढे धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. खर्च जवळजवळ शून्य आणि बिघडण्यासारखे काहीच नाही. उणीव एकच : लिहिलेले टिकत नसे. धडा पंतोजींच्या मुखी आणि मुलांच्या पाठांतरात राही.

४/१४
मुंबईत १८२२ साली शाळा व शालेय पुस्तकांसाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे तीच 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली गेली. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या पुढाकाराने गणिताची मराठी पुस्तके तयार झाली, आणि ती शिळाप्रेसवर छापली गेली. शिळाच का? देवनागरीतील असंख्य जोडाक्षरांचे खिळे ओतणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते. शिळेवर मात्र हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे छापता येई.

५/१४
आता दीडशेहून अधिक वर्षे पुढे या. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मराठीपुढे मात्र जुनीच अडचण नव्या रूपात उभी राहिली : अक्षरांची. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक रचना निराळी. एका शिक्षकाने टंकलेला धडा दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की अगम्य चिन्हांची रांग दिसे. शोधणे तर दूरच.

६/१४
१९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तिची मांडणी 'इस्की' या भारतीय मानकावर आधारलेली होती. तरीही ही व्यवस्था घरोघरच्या संगणकांवर रुळायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. आपला 'ऱ' पाहा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक एका चिन्हाचा, पण एक मान गुरूकडे जातो आणि दुसरा स्वयंपाक्याकडे! हा फरक यंत्राला कळल्याशिवाय मराठी धडा वेबवर नीट उभा राहू शकत नव्हता. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो याच पायावर.

७/१४
दरम्यान जपानमध्ये एक वेगळेच काम चालले होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांना कारखान्यातील बारकोड अपुरा पडत होता. त्यात जेमतेम वीसेक अक्षरे मावत. 'गो' या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना चौकटीची कल्पना सुचली. १९९४ मध्ये क्यूआर कोड जन्मला. कंपनीने पेटंट घेतले, पण इतरांच्या वापरावर हक्क गाजवला नाही. त्यामुळे तो जगभर पसरला.

८/१४
तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोन वाचकयंत्राला कोडची जागा आणि दिशा दाखवतात. उरलेल्या ठिपक्यांत मजकूर असतो, आणि तो काहीसा पुनरुक्त स्वरूपात साठवलेला असतो. म्हणून सर्वांत भक्कम पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. कारखान्यातील तेलकट हातांसाठी केलेली ही सोय शाळकरी दप्तरातही तितकीच उपयोगी ठरली.

९/१४
सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड टिपला की धड्याशी संबंधित कविता, चित्रफीत, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडे. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइज' जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

१०/१४
२०१७ नंतर ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत उतरली. १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'च्या पुस्तकांत काळे-पांढरे चौकोन दिसू लागले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, केंद्र सरकारने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. पुस्तकातील कोड तेथील साहित्याकडे नेऊ लागले.

११/१४
आणि मग २०२० उजाडले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन, रिचार्ज आणि नेटवर्क होते, त्यांच्यासाठी हा चौकोन शाळेचे दारच ठरला. इतरांसाठी जुनी साधने पुन्हा बाहेर आली. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीला नेटवर्कसाठी डोंगरावर खोपटे बांधून अभ्यास करावा लागला.

१२/१४
सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी वेगळी वाट काढली. कामगारवस्तीतील घरांच्या भिंतींवर त्यांनी धडे रंगवले. येता-जाता मुले अक्षरे, सूत्रे, आकृत्या वाचू लागली. पंतोजींची पाटी दोन शतकांनी भिंतीवर आली, असेच म्हणावे लागेल. फरक इतकाच, की ही पाटी पुसली जात नव्हती.

१३/१४
येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमध्ये धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. स्वतःचा ३० टक्के भाग फाटला तरी तो चौकोन तग धरतो. पण मनोरा कोसळला, वीज गेली किंवा सर्व्हरवरून साहित्य काढले गेले, तर तो पत्ता कोठेच नेत नाही. चौकोनाभोवती छापलेला धडा मात्र कंदिलाच्या उजेडातही वाचता येतो.

१४/१४
म्हणून या इतिहासात साधनांचा क्रम 'जुने गेले, नवे आले' असा लागत नाही. शिळाप्रेस आला तेव्हा पाठांतर थांबले नाही. वेब आली तरी छापील पान उरले. प्रत्येक साधन उपयोगी पडले ते कोणीतरी ते मुलांच्या भाषेत आणि त्यांच्या परिस्थितीत बसवले तेव्हाच. घरातील धाकट्या भावंडाचे 'बालभारती' उघडा आणि तो चौकोन टिपून पाहा. मग फोन बाजूला ठेवा आणि तोच धडा पानावरून वाचा. रोहे-अष्टमीच्या मुलांना २०२० च्या जूनमध्ये यांपैकी कोणता मार्ग उरला होता, हे तेवढ्याने ध्यानात येईल.