पानिपतचे बेपत्ता आणि हरवल्या माणसाची नोंद

पानिपतच्या रणांत किती माणसें पडलीं, या प्रश्नाचा ऊहापोह इतिहाससंशोधकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. किती माणसें हरवलीं, हा प्रश्न त्या मानानें उपेक्षित राहिला. पडणें आणि हरवणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडलेल्या माणसाचें और्ध्वदेहिक होतें, त्याच्या वतनाचा निकाल लागतो, त्याच्या स्त्रीची अवस्था दुःखद असली तरी निश्चित होते. हरवलेल्या माणसाचें यांपैकीं कांहींच होत नाहीं. या भेदाकडे वाचकांचें लक्ष वेधावें व त्यावरून आजच्या पोलिसी चौकशीसही लागू पडणारे दोन शब्द लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं शास्त्रकारांचें म्हणणें पाहूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हरवलेल्या, म्हणजे ज्याचा धनी सांपडत नाहीं अशा, द्रव्याचा विधि सांगितला आहे. राजानें तें द्रव्य तीन वर्षें ठेव म्हणून राखावें; त्या मुदतींत जो ‘हें माझें’ म्हणून येईल त्याची यथाविधि पृच्छा करावी; वस्तु कोठें हरवली, केव्हां हरवली, तिचा रंग कोणता, घडण कशी आणि परिमाण किती, हें जर त्यास यथार्थ सांगतां आलें नाहीं, तर त्या वस्तूच्या किंमतीएवढा दंड त्याजकडून घ्यावा. देश, काल, वर्ण, रूप व प्रमाण अशीं हीं पांच कलमें झालीं. गाय हरवो कीं कडें हरवो, तिच्या शोधास आणि खोट्या दावेदाराच्या परीक्षेस हीं पांच कलमें पुरेशीं आहेत.

हरवलेल्या माणसाविषयीं मात्र धर्मशास्त्राची दृष्टि वेगळी दिसते. तेथें शोध कसा करावा यापेक्षां वाट किती पाहावी, यावर भर आहे. नारदस्मृतींत परदेशीं गेलेल्या पतीची ब्राह्मण स्त्रीनें आठ वर्षें, व अपत्य नसल्यास चार वर्षें, प्रतीक्षा करावी असें सांगून इतर वर्णांस उत्तरोत्तर कमी मुदत दिली आहे. ज्याचा पत्ताच नाहीं त्याची बारा वर्षें वाट पाहून, मग पळसाच्या पानांची प्रतिकृति करून दहन करावें, हा पलाशविधि तर आमच्या घराघरांतून परिचित होता. मुदती ठरल्या, क्रियाही ठरली; शोधाचें काम मात्र आप्तांच्या पायांवर आणि दैवावर राहिलें.

याला एक सन्मान्य अपवाद आहे, तो कौटिल्याचा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, नगरांतील गृहस्थानें आपल्या घरीं कोण आला आणि घरांतून कोण गेला याची वर्दी द्यावी, असा नियम आहे. चौथ्या अधिकरणांतील ‘आशुमृतकपरीक्षा’ या प्रकरणांत अकस्मात् मेलेल्या माणसाच्या प्रेताची तपासणी सांगितली आहे. तेथें एक बारकावा असा कीं, बेवारशी प्रेतावर जीं वस्त्रें, जो वेष, जीं भूषणें किंवा ज्या उपभोगाच्या वस्तू आढळतील, त्यांचा व्यवहार करणाऱ्यांस बोलावून त्यांना मृताची संगत, वस्ति व तेथें राहण्याचें कारण विचारावें. हरवलेल्या माणसापासून प्रेताकडे जाण्याचा मार्ग एक, आणि प्रेतापासून हरवलेल्या माणसाकडे येण्याचा मार्ग दुसरा. हा दुसरा मार्ग कौटिल्यानें स्पष्ट आंखून दिला, हें त्याचें मोठेपण होय.

आतां पानिपतकडे वळूं. पौष शुद्ध ८ शके १६८२, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१, या दिवशीं तिसरे प्रहरीं विश्वासराव गोळी लागून पडले, आणि त्यानंतरच्या गर्दींत सदाशिवराव भाऊ दिसेनासे झाले. कोशकारांनीं ‘भाऊगर्दी’ हा शब्द याच रणकंदनाशीं जोडला आहे. विश्वासरावांचें शव हातीं आलें व ओळखलेंही गेलें; भाऊंचा ठिकाणा तत्काळ लागला नाहीं. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित त्या वेळीं छावणींत हजर होता. त्यानें पुढें फारशींत लिहिलेल्या हकीकतीचें जेम्स ब्राउन यानें केलेलें इंग्रजी भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें प्रसिद्ध झालें, तें पुष्कळांच्या वाचनांत असेल. परंतु त्यांतील शव ओळखण्याचा जो भाग आहे, तो केवळ करुण प्रसंग म्हणून वाचला जातो. आम्हांस तो एक पंचनामा वाटतो.

प्रेतांच्या राशींत एक शिर नसलेलें धड सांपडलें. मराठ्यांचे वकील वगैरे जे छावणींत होते त्यांना तें दाखविण्यांत आलें. त्यांनीं ज्या खुणांवरून भाऊंचें शव ओळखलें त्या अशा: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर कट्यारीच्या जखमेचा वण, म्हणजे इ. स. १७५९ मध्यें मुझफरखान गारद्याच्या कटांत झालेल्या हल्ल्याची खूण. तळपायावर पद्ममत्स्य म्हणून सांगितली जाणारी शुभ रेषा. आणि नित्याच्या सूर्यनमस्कारांमुळें गुडघ्यांस व हातांस पडलेले घट्टे. बांधा मजबूत आणि वय अदमासें पस्तीस, असेंही काशीराज सांगतो. पुढें एका दुराणी स्वाराजवळ लपविलेलें शिरही हस्तगत झालें व त्याचेंही दहन झालें.

या यादीचें परीक्षण केल्यास दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली, या खुणा एका जातीच्या नाहींत. डाग आणि रेषा जन्माच्या, वण प्रसंगाचा, घट्टे संवयीचे. एकाच जातीच्या दहा खुणांपेक्षां तीन जातींच्या चार खुणा अधिक बळकट पुरावा देतात, कारण त्या सर्व दुसऱ्या एखाद्या देहावर योगायोगानें एकत्र येणें कठीण. दुसरी गोष्ट वयाची. भाऊंचा जन्म १७३० चा, म्हणजे मृत्युसमयीं ते एकतिसाव्या वर्षांत होते. अंदाजानें सांगितलेलें वय चार-पांच वर्षांनीं चुकलें, पण वण चुकला नाहीं. वय, चेहरा आणि पोषाख हीं पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असतात. देहावरची खूण तशी नसते.

एवढी चांगली ओळख पटली असतां भाऊसाहेब पुढें पंधरा वर्षें महाराष्ट्राच्या दृष्टीनें ‘बेपत्ता’ कां राहिले? याचें कारण हें कीं ओळख पटविणारे पानिपतास, शत्रूच्या छावणींत होते, आणि ज्यांना खात्री हवी होती ते दक्षिणेंत होते. या दोहोंना जोडणारी अधिकृत नोंद कोठेंच नव्हती. आलीं तीं सांडणीस्वारांचीं आणि सराफांचीं पत्रें. एकांत भाऊ गेले, तर दुसऱ्यांत भाऊ जाटाच्या मुलखांत सुखरूप निघाले. बखरींतून आणि पत्रांतून ‘कामास आले’, ‘गर्दीस मिळाले’ असे शब्दप्रयोग येतात. पहिल्यांत मरणाची खात्री आहे. दुसऱ्यानें मेलेला आणि न सांपडलेला हे दोघेही एकाच पांघरुणाखालीं झांकले जातात. नानासाहेबांस कळविलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या सराफी सांकेतिक पत्रांत तर मोत्यांची आणि मोहरांची संख्या आहे, पण चांदी-तांब्याची गणतीच नाहीं. मोठ्यांचा हिशेब लागला; शिलेदार, बारगीर, बुणगे, बाया-मुलें यांचा लागला नाहीं.

या अनिश्चिततेचें ओझें प्रथम पडलें तें स्त्रियांवर. पार्वतीबाई रणांतून सुखरूप परत आल्या, पण पती गेले हें त्यांनीं मानलें नाहीं व सौभाग्यचिन्हें टाकलीं नाहींत. नाना फडणीस स्वतः त्या आकांतांतून निसटले. त्यांच्या मातोश्री मात्र परत आल्या नाहींत. हीं थोरांचीं घरें. म्हणून त्यांची हकीकत उरली. ज्यांची उरली नाहीं अशीं घरें खेडोपाडीं किती असतील, याची कल्पनाच करावी.

दुसरें ओझें राज्यावर पडलें. जेथें खात्रीची नोंद नसते तेथें तोतया जन्म घेतो. सुखलाल नांवाचा एक कनोजी ब्राह्मण बुंदेलखंडाकडे भाऊसाहेब म्हणून प्रकटला. माधवराव पेशव्यांनीं त्यास आणवून चौकशी केली, त्याचें कपट उघडकीस आलें, आणि त्यास किल्ल्यांवर अटकेंत ठेवण्यांत आलें. शेवटीं तो रत्नागिरीस होता. परंतु कबुलीजबाब घेऊन माणूस कोंडला म्हणजे लोकांची शंका कोंडली जात नाहीं. इ. स. १७७६ मध्यें तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास बाहेर काढलें, आणि पाहतां पाहतां कोंकणांतील कित्येक किल्ले त्याच्या हातीं जाऊन बंड घाटापर्यंत पोंचलें. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांस त्यावर पाठवावें लागलें. तोतया पळाला, तो कुलाब्याच्या आंग्ऱ्यांच्या हातीं सांपडला. पुण्यांत रामशास्त्र्यांसारख्यांच्या समक्ष पुन्हां चौकशी होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यास देहांत प्रायश्चित्त मिळालें. जनकोजी शिंद्यांच्या नांवानेंही तोतया निघाला. जनकोजींस तर बर्खुर्दारखानाच्या गोटांत गुप्तपणें मारून पुरण्यांत आलें होतें, म्हणजे तेथें ओळखीस प्रेतही मिळालें नव्हतें.

पंधरा वर्षांनीं चेहरा बदलतो, आवाज बदलतो, स्मरण तर अधिकच बदलतें. पांच कलमांचा कागद इ. स. १७६१ मध्येंच घरच्या माणसांच्या जबानीवरून झाला असता, आणि त्याच्याशीं पानिपतास ओळख पटविणाऱ्यांची साक्ष ताडून दफ्तरीं ठेवली असती, तर सुखलालाची परीक्षा एका घटकेंत, सर्वांसमक्ष आणि कायमची झाली असती. पाठ उघडी करून वण पाहिला म्हणजे पुरे. हरवलेल्या वस्तूसाठीं मनूनें जी सावधगिरी सांगितली, ती हरवलेल्या माणसासाठीं राज्यानें घेतली नाहीं, आणि त्याची किंमत एका मोहिमेच्या खर्चानें भरली.

हा विषय जुन्या दफ्तरापुरता नाहीं. आज पोलिस ठाण्यांत हरवलेल्या इसमाची खबर दिली असतां वय, उंची, बांधा, वर्ण, पोषाख, भाषा आणि ओळखीची खूण हीं टिपून घेतात. मनूचीं पांच कलमें येथें जवळजवळ जशींच्या तशीं आहेत. परंतु त्या नोंदीची योग्यता तीन गोष्टींवर ठरते, आणि तिन्ही पानिपतच्या उदाहरणावरून समजतात.

पहिली गोष्ट त्वरेची. चोवीस तास गेल्याशिवाय खबर घेतां येत नाहीं, ही समजूत लोकांत दृढ आहे. तिला कायद्याचा आधार नाहीं. मुलांच्या बाबतींत तर सर्वोच्च न्यायालयानें मे २०१३ मध्यें, ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या अर्जावर, हरवलेल्या प्रत्येक मुलाविषयीं गुन्हा नोंदवून अपहरण वा विक्रीचा संशय गृहीत धरूनच तपास सुरू करावा असें ठरविलें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनें, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहतां कोणत्याही ठाण्यांत घेतली जावी हें तत्त्वही कायद्यांत आणलें आहे. प्रौढ माणसाच्या बाबतींत मात्र ‘येईल परत’ हें उत्तर अद्याप पुष्कळदां मिळतें. पहिल्या दिवशीं घरच्यांना अंगावरचा सदरा आठवतो. महिन्यानें तो आठवत नाहीं.

दुसरी गोष्ट खुणांच्या तपशिलाची. ‘रंग सांवळा, बांधा मध्यम’ एवढ्यानें हजारों माणसांचें वर्णन होतें. जन्माची, प्रसंगाची आणि संवयीची अशी निदान एकेक खूण विचारून घेतल्याशिवाय नोंद पुरी झाली असें मानूं नये. घट्टे, गोंदण, दांत, जुना मोडलेला हात, शस्त्रक्रियेचा वण या गोष्टी घरच्यांस ठाऊक असतात. विचारणारा मात्र हवा. रक्तसंबंधाची जनुकीय परीक्षा आज उपलब्ध आहे, पण कोणाच्या आप्तांशीं ताडून पाहावें हें सुचविण्यास प्रथम खूणच लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ताडणीची. हरवलेल्याची नोंद एका ठाण्यांत, अनोळखी प्रेताचा पंचनामा दुसऱ्या जिल्ह्यांत. हे दोन कागद एकमेकांस भेटले नाहींत, तर पानिपत आणि पुणें यांच्यामधलें अंतर आजही तसेंच राहिलें म्हणावयाचें. दिल्ली व शेजारच्या प्रांतांच्या पोलिसांनीं दोन्ही याद्या एकत्र पाहतां येतील अशी ‘झिपनेट’ नांवाची सामायिक व्यवस्था संगणकावर उभी केली आहे. बालकांसाठीं देशभर ‘ट्रॅक चाइल्ड’ आहे. साधनें आहेत. तीं दररोज चाळणारा, आणि कौटिल्यानें सांगितल्याप्रमाणें प्रेतावरच्या वस्त्रावरून दुकानापर्यंत जाणारा माणूस नेमलेला असला पाहिजे.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें, सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर टाकला, आणि २०२३ च्या साक्ष्य अधिनियमानें तोच नियम पुढें चालविला. बारा वर्षांचीं सात झालीं. प्रतीक्षेची मुदत कमी करणें हें दयेचें काम आहे; परंतु शोध नीट करणें हें न्यायाचें काम आहे, आणि पहिलें दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंती. आपल्या रुमालांत पानिपतानंतरचीं वाटणीपत्रें, महजर, वतनाचे करीणे असतील; त्यांत ‘ठिकाण नाहीं’, ‘वार्ता नाहीं’ अशा शब्दांनीं ओझरता आलेला एखादा शिलेदार किंवा बारगीर भेटेल. वंशावळ लावतांना आपण अशा नांवावरून पुढें जातों. तसें न करतां नांव, गांव, कोणाच्या पथकांत होता आणि घरच्यांनीं किती वर्षें वाट पाहिली, एवढें वेगळ्या कागदावर उतरून मंडळाकडे पाठवावें. सराफी पत्रांत ज्यांची गणती झाली नाहीं, त्यांची यादी अडीचशेंहून अधिक वर्षांनीं कां होईना, आपल्याला सुरू करतां येईल.