पाण्याखालील रोबोंची दृष्टी : रंगांची विश्वासार्हता कशी राखली जाते?

समुद्रतळाचे सर्वेक्षण, धरणे व बंदरांच्या बांधकामांची तपासणी आणि प्रवाळांचे निरीक्षण यांसाठी पाण्याखालील रोबोंचा वापर केला जातो. मात्र कॅमेऱ्यात दिसणारा रंग मूळ वस्तूचा आहे, की पाण्यामुळे व कॅमेऱ्यातील स्वयंचलित बदलांमुळे निर्माण झाला आहे, हे ठरवता आले नाही तर त्यावरून काढलेला निष्कर्षही संशयास्पद ठरतो.

पाणी सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात शोषत नाही. तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. स्वच्छ समुद्रातही सुमारे १० मीटर खोलीपर्यंत त्याचा बहुतांश भाग नाहीसा होतो, तर निळा प्रकाश अधिक खोल पोहोचतो. गाळ व सूक्ष्म जीवांचे कण प्रकाश विखुरतात, त्यामुळे चित्रावर धूसर पडदा येतो. वस्तू आणि कॅमेरा यांतील अंतर वाढले तरीही रंग बदलतो.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित व्यवस्था यात भर घालते. चौकटीत उजळ वाळू आली की कॅमेरा एक्सपोजर कमी करतो आणि काळसर खडक आला की ते वाढवतो. व्हाइट बॅलन्सही प्रत्येक दृश्यानुसार बदलतो. परिणामी, एकच वस्तू लागोपाठच्या चित्रांत वेगवेगळ्या रंगांची दिसते. रंगावरून वस्तू ओळखणाऱ्या किंवा अनेक चित्रे जोडून समुद्रतळाचा नकाशा तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालीची त्यामुळे फसगत होते.

यावर उपाय म्हणून एक्सपोजर, संवेदनशीलता आणि व्हाइट बॅलन्स निश्चित मूल्यांवर स्थिर ठेवले जातात. खोलीनुसार बदल अपरिहार्य असल्यास तो टप्प्याटप्प्याने करून प्रत्येक चित्रासोबत त्याची नोंद ठेवली जाते. कृत्रिम दिवे कॅमेऱ्यापासून बाजूला बसवल्यास कणांवरून परत येणारा प्रकाश कमी होतो. ज्ञात रंगांची पट्टी चित्रात ठेवून मोजमापाची पडताळणी होते आणि मूळ, प्रक्रिया न केलेली चित्रे जतन केली जातात. इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या दर्या अक्कायनाक आणि ताली ट्रेबित्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या ‘सी-थ्रू’ पद्धतीत प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर विचारात घेऊन पाण्याचा परिणाम वजा केला जातो.

प्रवाळांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर आहे. समुद्राचे तापमान वाढल्यास प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमात रंगपट्टीशी तुलना करूनच प्रवाळांच्या आरोग्याची नोंद होते. भारतात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात व कच्छचे आखात ही प्रमुख प्रवाळक्षेत्रे असून महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आढळतात. लक्षद्वीपमध्ये २०२४ मध्ये सागरी उष्णतेच्या लाटेनंतर मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले होते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने प्रवाळांच्या निरीक्षणासाठी ‘सी-बॉट’ हा रोबो विकसित केला आहे.

अशा निरीक्षणांत दोन वर्षांच्या चित्रांची तुलना करायची असल्यास दोन्ही वेळची मोजपट्टी एकच असावी लागते. अन्यथा जास्त एक्सपोजरमुळे निरोगी प्रवाळ फिकट भासू शकतो आणि कमी एक्सपोजरमध्ये विरंजनाची सुरुवात नजरेआड होऊ शकते.